वार्धक्य आणि निवृत्ती

श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षमा यांच्या जोडीला एक लक्षण असे आले आहे की ते वाचताना सामान्य गृहस्थ थोडा अडखळतो. जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दुःखरूप दोषांचा वारंवार विचार करणे, यालाही भगवंतांनी ज्ञानातच गणिले आहे. क्षमा किंवा सरळपणा हा ज्ञानाचा भाग आहे, हे मनाला पटते. परंतु म्हातारपणाचे दोष पाहत बसणे हे ज्ञान कसे? ते तर न पाहताही यावयाचे तेव्हा येतेच.

येथे मुळातील शब्द नीट लक्षात घेतला पाहिजे. तो शब्द 'दर्शन' नसून 'अनुदर्शन' असा आहे. दर्शन सर्वांनाच घडते. शेजारच्या वृद्धास जिना चढताना धाप लागते, हे तरुण पाहतो आणि सौजन्याने बाजूस होऊन वाट देतो. पण त्या धापेत त्याला स्वतःची धाप ऐकू येत नाही. लग्नघरी एखादे आजोबा तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागले की मंडळी हळूच एकमेकांकडे पाहून हसतात. हसणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात येत नाही की ही गोष्ट पुढे आपल्यालाच सांगावयाची आहे. जे दिसले त्याच्या मागोमाग जाऊन ते स्वतःशी ताडून पाहणे, हे अनुदर्शन होय. ते वार्धक्य आल्यावर करावयाचे नसते. आल्यावर ते भोगावेच लागते. करावयाचे ते चाळिशीत, पंचेचाळिशीत, हातात बळ आणि शब्दाला वजन असताना.

दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी याच विषयाची दुसरी बाजू दाखविली आहे. देहधारी आत्म्याला याच एका शरीरात बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य या अवस्था क्रमाने येतात व तो मात्र तोच राहतो, हे अर्जुनाला सांगून त्यांनी उपदेशास आरंभ केला. याचा अनुभव प्रत्येकाच्या घरी आहे. ऐंशी वर्षांचा पुरुष लहानपणची हकीकत सांगताना 'मी आंब्यावरून पडलो' असेच म्हणतो. 'तो मुलगा पडला' असे म्हणत नाही. तो मुलगा, त्याचे ते कोवळे हातपाय, तो आवाज आता कोठेही नाहीत; तरी 'मी' तोच आहे याविषयी त्याला तिळमात्र संशय नसतो. मग वार्धक्य आले कोणाला? उघड आहे की देहाला. असे असता मनुष्य म्हातारपणी इतका कष्टी का होतो? गुडघे दुखतात, दृष्टी मंदावते, हे खरे. पण त्या दुःखावर तेल आहे, चष्मा आहे, औषध आहे. ज्या दुःखावर यांपैकी काहीच चालत नाही ते दुःख निराळे. 'मी' हा देहाला चिकटलेला असतोच, पण त्याहून घट्ट तो आपल्या अधिकाराला चिकटलेला असतो. घरात आपल्याला कोणी विचारीत नाही, हे वृद्धाचे दुःख त्याच्या संधिवाताहून मोठे असते.

मराठीत या ठिकाणी एक शब्द फार विलक्षण रीतीने वापरला जातो. नोकरीची मुदत संपली की मनुष्य 'निवृत्त' झाला असे म्हणतात. त्याला मिळते ते 'निवृत्तिवेतन'. शास्त्रकारांनी हाच शब्द प्रवृत्तीच्या विरुद्ध योजिला आहे. विषयांकडे, फळांकडे, 'मी-माझे' याकडे धावणारी वृत्ती मागे फिरणे, ही निवृत्ती. सरकारी कागदावर साठाव्या वर्षी जी निवृत्ती लिहिली जाते ती केवळ खुर्चीपासूनची असते. वृत्ती कोठे मागे फिरली? कचेरीत जी चाळीस माणसांवर चालत होती ती आता घरातल्या चार माणसांवर चालू लागते, एवढाच फरक. पूर्वी टपालावर सही करणारा हात आता दूधवाल्याच्या हिशेबावर सही करू लागतो. वेतन मिळाले, निवृत्ती मिळाली नाही.

या प्रश्नाला आजच्या काळी एक नवे परिमाण आले आहे. भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास या देशात जन्माच्या वेळची अपेक्षित आयुर्मर्यादा अवघी सुमारे ३२ वर्षांची होती. आज ती सुमारे ७० वर्षांची आहे. पूर्वीच्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, म्हणून तेव्हा वृद्धच नव्हते असे कोणी समजू नये. पण ते संख्येने थोडे होते. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींच्या वर भरली, आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे. आज अशी कितीतरी घरे आहेत की जेथे वडील पंच्याऐंशीचे आणि मुलगा साठीचा आहे. दोन निवृत्त पुरुष एका ओसरीवर बसलेले, आणि दोघांनाही वाटते की घरचा कर्ता आपण. साठीची शांत थाटाने होते, एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो, चांदीच्या वाट्या वाटल्या जातात; हजार पौर्णिमा पाहिलेल्या त्या डोळ्यांनी अजून काय सोडावयाचे राहिले आहे, हे मात्र त्या गर्दीत कोणी विचारीत नाही.

मनुस्मृतीने वानप्रस्थाची वेळ वर्षांत मोजून सांगितलेली नाही. गृहस्थाला आपल्या अंगावर सुरकुत्या व डोक्यावर पांढरे केस दिसू लागले आणि मुलाला मूल झालेले पाहिले, म्हणजे त्याने वनाचा मार्ग धरावा, पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून किंवा बरोबर घेऊन, असे तेथे म्हटले आहे. ही खूण फार मार्मिक आहे. सुरकुती आरशात दिसते आणि नातू मांडीवर येतो. दोन्ही गोष्टी नाकारता येत नाहीत. (केसांची खूण तेवढी कलपाने झाकता येते, आणि ती झाकण्याचा उद्योग हल्ली जोरात चालतो.) आता वन कोठून आणावे, हा प्रश्न रास्त आहे. आजच्या गृहस्थास अरण्यात जाऊन राहणे शक्य नाही आणि कलियुगात शास्त्रानेही त्याचा आग्रह धरलेला नाही. परंतु वनात जाण्यापूर्वी जे एक काम घरात करावयाचे असते, ते घरात राहूनही करता येते.

महाभारतात या कामाची दोन चित्रे एकाच प्रसंगी आढळतात. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र पंधरा वर्षे हस्तिनापुरात युधिष्ठिराच्या आश्रयाने राहिला. युधिष्ठिराने त्याचा मान राखण्यात कसूर केली नाही; पण भीमाच्या मनातील शल्य गेले नव्हते. ज्या बाहूंनी शंभर पुत्र मारले त्या बाहूंची बढाई तो वृद्ध राजाला ऐकू जाईल अशी मारी. भागवताच्या पहिल्या स्कंधात विदुर आपल्या या भावाला जे सुनावतो ते याहूनही झोंबणारे आहे: ज्यांचा सर्वनाश करावयास निघालास, त्यांच्याच घरचे अन्न खाऊन जगण्याची ही आशा केवढी! अखेर धृतराष्ट्र वनास निघाला. तो गेला, हे चांगले झाले; पण तो जाण्यास पंधरा वर्षे आणि इतके घाव लागले.

त्याच दिवशी त्याच मार्गाने कुंतीही निघाली. तिला कोणी टोचले नव्हते. उलट, आयुष्यभर वनवास, लाक्षागृह आणि अपमान सोसल्यावर आता कोठे तिचे पुत्र पृथ्वीचे स्वामी झाले होते. सुख भोगावयाची वेळ आली होती. मुलांनी पाय धरले, विनवण्या केल्या. तिने सांगितले की, पतीच्या काळी आपण पुष्कळ ऐश्वर्य भोगले. पुत्रांनी जिंकलेल्या राज्याचे फळ चाखण्याची इच्छा नाही. त्यांना लढण्यास उत्तेजन दिले ते त्यांची अवहेलना होऊ नये म्हणून. मग गांधारीचा हात आपल्या खांद्यावर घेऊन ती चालू लागली, आणि ज्यांच्या पुत्रांनी तिच्या पुत्रांना छळले त्या दीर-जावेची तिने वनात अखेरपर्यंत सेवा केली. घर दोघांनीही सोडले. एकाला घराने सोडल्यावर, आणि दुसरीने घर आग्रह करीत असताना.

गृहस्थाश्रमात हे कसे उतरते, ते एका साध्या हकीकतीवरून पाहता येईल. एक गृहस्थ होते. जन्मभर हिशेबखात्यात काम केलेले, आचाराने शुद्ध, रोज गीतेचा एक अध्याय वाचणारे. निवृत्तीनंतर त्यांचा सारा वेळ घरी जाऊ लागला. भाजी महाग आणली, दिवा उगाच जळतो, नातवाला पैसे का दिले, अशी दिवसभर त्यांची विचारपूस चाले. सून सोशीक होती. ती उत्तर देत नसे. मुलगा मात्र संध्याकाळी घरी येण्यास उशीर करू लागला. एके दिवशी वाचनात तेरावा अध्याय आला असता त्यांच्या मनात काय आले कोण जाणे, त्यांनी कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा देवासमोर ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, हे आता तू सांभाळ."

येथपर्यंतची गोष्ट ऐकावयास गोड आहे, आणि बहुतेक सांगणारे येथेच थांबतात. पण आठच दिवसांत ते पुन्हा विचारू लागले, "आज भाजी काय भावाने मिळाली?" किल्ल्या गेल्या, हिशेब राहिला. त्याग हाताने होतो तेव्हा मनाला त्याची बातमी उशिरा पोहोचते. पुढे त्यांनी एक छोटा नियम धरला: एकादशीला घरच्या कोणत्याही व्यवहारात, कोणी विचारल्याशिवाय, एक शब्द बोलावयाचा नाही. पहिल्या एकादशीला उपासापेक्षा हा नियम जड गेला. दुपारी दूध उतू गेले. ते पाहत बसले, बोलले नाहीत. चार-सहा महिन्यांनी असे झाले की एकादशी नसलेल्या दिवशीही सूनच विचारावयास येऊ लागली, "बाबा, घराची दुरुस्ती या वर्षी काढावी की पुढच्या?" जो सल्ला देण्यासाठी ते पूर्वी तळमळत, तो आता मागितला जाऊ लागला, आणि मौजेची गोष्ट अशी की तो देण्याची त्यांना आता फारशी घाई उरली नव्हती.

घरातील स्त्रीच्या वार्धक्याचा विचार येथे निराळा करावा लागतो, कारण तिला कोणीच निवृत्त करीत नाही. साठ वर्षांच्या पुरुषाला हार घालून निरोप देतात. त्याच वयाच्या त्याच्या पत्नीला दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याचा चहा करावयाचा असतो. तिचा अधिकार म्हणजे स्वयंपाकघर. तो सुनेच्या हाती देताना तिला जे वाटते ते पुरुषाने हलके लेखू नये. राज्य सोडण्याइतकेच ते कठीण आहे. याज्ञवल्क्यांनी घर सोडताना मैत्रेयी व कात्यायनी या दोघी पत्नींत धन वाटून देण्याचे काढले, तेव्हा मैत्रेयीने विचारले की धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी त्याने आपण अमर होऊ काय. बृहदारण्यक उपनिषदातील तो थोर संवाद या एका प्रश्नातून निघाला. पतीच्या निवृत्तीत पत्नीचाही वाटा असतो, आणि तो धनाचाच असेल असे नाही. ज्या घरात निवृत्त पुरुष पत्नीच्या हातची दोन कामे उचलतो आणि सायंकाळी दोघे मिळून एक अध्याय वाचतात, त्या घरात वानप्रस्थ आला असे समजण्यास हरकत नाही.

आता एका व्यावहारिक गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे, कारण भाविक मनुष्य येथे फसतो. अधिकार सोडावा याचा अर्थ सर्व मिळकत मुलांच्या नावे करून रिकामे व्हावे, असा नाही. असे करून पुढे दारोदार झालेले मातापिता या देशात थोडे नाहीत. त्यांचे हाल इतके वाढले की २००७ साली संसदेला मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मुलांकडून निर्वाह मिळावा म्हणून त्याने न्यायाधिकरणाची व्यवस्था केली. त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, आपला सांभाळ करावा या अटीवर वृद्धाने मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. म्हणून दानपत्र करावयाचेच असेल तर ही अट त्यात स्पष्ट लिहावी, तोंडी विश्वासावर राहू नये. त्यापेक्षा राहते घर आणि निर्वाहापुरता पैसा स्वतःच्या व पत्नीच्या हयातीपर्यंत आपल्या नावे ठेवून मृत्युपत्र करणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे असते.

यावर कोणी साधक म्हणेल की हे ममत्व झाले. तसे नाही. अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नियत कर्म मोहाने टाकणे हा त्यांच्या मते तामस त्याग होय. कर्म करीत राहून आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. वृद्ध पत्नीला उद्या कोणापुढे हात पसरावा लागू नये याची तजवीज करणे हे पतीचे नियत कर्म आहे. कागदावर नाव ठेवावे आणि मनातून ते पुसावे. याच्या उलट, नाव मुलाचे करून दिवसातून दहा वेळा 'हे सारे मी मिळविले आहे' असे बोलून दाखविणारा पुरुष सर्व देऊनही काहीच देत नाही.

मुलांच्या कर्तव्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. तैत्तिरीय उपनिषदात घरी निघालेल्या शिष्याला आचार्यांनी आई-वडिलांना देव मानण्यास सांगितले आहे, आणि पंढरीला पुंडलिकासाठी प्रत्यक्ष देव विटेवर तिष्ठत असल्याची कथा मराठी बोलणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आई-वडिलांची सेवा चालू असताना देवालाही थांबावे लागले. मग कचेरीच्या कामाला थोडे थांबावे लागले तर बिघडत नाही.

परंतु वार्धक्याची एक अवस्था अशी आहे की जेथे वरील सारा विचार थिटा पडतो, आणि आयुष्य वाढल्यामुळे ती आता पुष्कळ घरांत दिसू लागली आहे. ज्या पुरुषाला संबंध गीता पाठ होती, त्याला आपल्या मुलाचे नाव आठवत नाही. जेवण झाल्यावर घटकाभराने 'मला जेवावयास का वाढीत नाही' असे विचारतो. स्वतःच्या घरात बसून 'घरी जावयाचे आहे' म्हणून दाराशी उभा राहतो. वैद्यक या रोगास स्मृतिभ्रंश म्हणते. अशा घरातील भाविक माणसांना सेवेच्या कष्टांपेक्षा एक भीती अधिक जाळते. आठव्या अध्यायात भगवंतांनी अंतकाळच्या स्मरणाप्रमाणे गती सांगितली आहे. ज्याला काहीच आठवत नाही त्याची गती काय? शिवाय दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश आणि शेवटी सर्वनाश, अशी जी परंपरा दिली आहे तिच्यात नेमका हाच शब्द आला आहे. तो वाचून मुलीच्या डोळ्यांत पाणी येते: बाबांचा नाश झाला काय?

ही भीती शब्दाच्या साम्यातून उत्पन्न झालेली आहे. दुसऱ्या अध्यायातील स्मृतिभ्रंश विषयचिंतनातून आणि क्रोधातून जन्मलेला आहे. मनुष्य आपले कर्तव्य, आपले स्वरूप विसरतो, तो तो भ्रंश. तो तरुण व धडधाकट पुरुषालाही होतो, किंबहुना त्यालाच अधिक होतो. मेंदूच्या झिजेने येणारे विस्मरण निराळे. तेराव्या अध्यायात भगवंतांनी क्षेत्राचे, म्हणजे शरीराचे, घटक मोजले आहेत. त्यांत पंचमहाभूते आणि इंद्रिये तर आहेतच, पण बुद्धी, चेतना आणि धृतीही तेथेच, क्षेत्राच्या बाजूस मांडली आहे. शेत जुने झाले, बांध फुटले, पीक वाहून गेले; शेत जाणणारा क्षेत्रज्ञ वाहून जात नाही. आणि पंधराव्या अध्यायात तर भगवंत सर्वांच्या हृदयात राहून स्मृती व ज्ञान देणारे आपणच आहोत असे सांगतात आणि त्याच श्वासात 'अपोहन' म्हणजे त्यांचे दूर होणेही आपल्यापासूनच होते असे सांगतात. अपोहनाचा अर्थ काही आचार्य संशयाचे निरसन असाही करतात. पण श्रीशंकराचार्यांनी स्मृती व ज्ञान यांचे नाहीसे होणे असाच अर्थ घेतला आहे. ज्याच्या हातून स्मृती आली, त्याच्याच हाती ती परत गेली.

अंतकाळाच्या वचनाचेही तसेच. तेथे सदैव त्या भावाने भावित झालेला असा शब्द आहे, आणि पुढच्याच श्लोकात म्हणून सर्व काळी स्मरण कर, अशी आज्ञा आहे. अखेरचा क्षण हा आयुष्यापासून तुटून पडलेला एक क्षण नव्हे; चाळीस वर्षे ज्या दिशेने झाड कलले, त्याच दिशेने ते पडते. कल्याणाच्या मार्गाला लागलेल्या कोणाचीही दुर्गती होत नाही, असे आश्वासन सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्वतः दिले आहे. वराहावतारातील एक वचन दक्षिणेतील वैष्णव आचार्य फार मोलाचे मानतात. त्याचा आशय असा की, शरीर व मन स्वस्थ असताना ज्याने भगवंताचे स्मरण केले, तो पुढे लाकडासारखा किंवा दगडासारखा पडून राहिला तर त्या वेळी भगवंतच त्याची आठवण करतात व त्याला परमगतीस नेतात. स्मरणाचे काम तेथे देवाने आपल्याकडे घेतले आहे.

म्हणून अशा वृद्धाच्या घरच्यांनी 'मी कोण, ओळखा पाहू' अशी त्याची परीक्षा घेऊ नये. न आठवल्याने तो ओशाळतो, आणि ओशाळणे त्याला अजून समजते. जवळ बसून स्वतःच सांगावे, "बाबा, मी तुमची मुलगी, जेवण घेऊन आले आहे." सकाळी त्याच्या नेहमीच्या वेळी, त्याच्या नेहमीच्या अध्यायाचे मोठ्याने वाचन करावे, नाव विसरलेल्या माणसाचे ओठ श्लोकाबरोबर हलताना कित्येक घरांत पाहावयास मिळते, आणि एखाद्या दिवशी हलले नाहीत तरी वाचन थांबवू नये. सायंकाळी दिवा लागल्यावर हातात माळ द्यावी. मणी मागे-पुढे झाले तर ते कोणी मोजू नयेत.